कॉलेजने फी अडकवली तर ग्राहक आयोग की यूजीसी? आधी हातातली पावती बघा

ताई, तुम्ही दोन वेगळी प्रकरणं एकाच पिशवीत टाकलीत म्हणून सगळा गोंधळ झालाय, आधी ती वेगळी करूया. बाकीच्यांना कळावं म्हणून थोडक्यात सांगते. यांच्या मुलीने मे महिन्यात मुंबईबाहेरच्या एका खासगी विद्यापीठात बी.एस्सी. डेटा सायन्सची सीट सेफ्टी म्हणून धरून ठेवली, १ लाख ६० हजार भरले, मग ऑगस्टमध्ये कॅप राउंडला (राज्याच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेच्या फेरीत) इंजिनिअरिंग मिळालं. २० ऑगस्टला ॲडमिशन कॅन्सलचा अर्ज दिला तर विद्यापीठ म्हणतं फी नॉन-रिफंडेबल आहे, तुम्ही फॉर्मवर सही केलीय, आणि ओरिजिनल लिव्हिंग सर्टिफिकेटही देत नाहीत. दुसरं म्हणजे मोठ्या मुलाने ९० हजारांचा ऑनलाइन कोडिंग कोर्स ईएमआयवर घेतला, जाहिरातीत जॉब गॅरंटी होती, प्रत्यक्षात रेकॉर्डेड व्हिडिओ दाखवतात, शंका विचारायला माणूसच नाही आणि हप्ते मात्र बँकेतून जातायत. सोसायटीतले वकील म्हणाले दोन्ही ग्राहक कोर्टात, म्हणजे ग्राहक आयोगात टाका, तुमचे दीर म्हणाले विद्यार्थी ग्राहक नसतोच. दोघंही अर्धे बरोबर आहेत, म्हणजे वकीलसाहेब मुलाच्या बाबतीत आणि दीर मुलीच्या बाबतीत.

मी मुंबईत ग्राहक मार्गदर्शनाचं काम बरीच वर्षं करतेय, आणि जून ते ऑक्टोबर आमच्याकडे येणाऱ्यांत सगळ्यात मोठी रांग तुमच्यासारख्या पालकांची असते. बहुतेकांचे पहिले दोन-तीन महिने 'आम्ही पैसे भरलेत म्हणजे आम्ही ग्राहक' या एका वाक्यात वाया जातात. भावना शंभर टक्के बरोबर आहे हो, पण त्या वाक्यावर कॉलेजविरुद्ध केस उभी राहत नाही, आणि तोपर्यंत जी मुदत खरंच कामाची होती ती निघून जाते.

आधी कायद्याचं काय झालंय ते सांगते, म्हणजे दीर पुढच्या वेळी बोलले तर उत्तर देता येईल. ग्राहक संरक्षण कायद्यात (जुना १९८६ चा असो की आताचा २०१९ चा, जो २० जुलै २०२० पासून लागू आहे) शिक्षणाचं नाव घेऊन कुठेही ते आत आहे किंवा बाहेर आहे असं लिहिलेलं नाही. त्यामुळे सगळं कोर्टाच्या निकालांवर चाललंय, आणि निकाल एकमेकांना छेद देणारे आहेत. २००९ मध्ये बिहार बोर्डाच्या केसमध्ये सुप्रीम कोर्ट म्हणालं की परीक्षा घेणारं बोर्ड सेवा विकत नाही, परीक्षार्थी ग्राहक नाही. २०१० मध्ये महर्षी दयानंद विद्यापीठाच्या केसमध्येही तेच, शिक्षण ही काही वस्तू नाही वगैरे. २०१२ मध्ये पी. टी. कोशी प्रकरणात तर ॲडमिशन आणि फी सुद्धा ग्राहक कायद्याच्या बाहेर काढली. पण त्याच २००९ साली बुद्धिस्ट मिशन डेंटल कॉलेजच्या केसमध्ये, जिथे पाटण्याच्या कॉलेजने युनिव्हर्सिटीची संलग्नता आणि डेंटल कौन्सिलची मान्यता नसताना ती आहे असं भासवून मुलं भरली होती, तिथे सुप्रीम कोर्टाने मुलांना ग्राहक धरलं आणि कॉलेजला पैसे परत द्यायला लावले, वर भरपाईसुद्धा.

मग २० जानेवारी २०२० ला राष्ट्रीय ग्राहक आयोगाच्या मोठ्या खंडपीठाने मनु सोळंकी प्रकरणात एकदाच निकाल देऊन टाकला की शैक्षणिक संस्था या कायद्यात येतच नाहीत, ॲडमिशनच्या आधीचं असो की नंतरचं, इतकंच काय कॉलेजची सहल आणि स्विमिंग पूलसुद्धा नाही. फक्त कोचिंग क्लासेस मात्र येतात, कारण त्यांना कोणी रेग्युलेटर नाही आणि ते डिग्री देत नाहीत. त्याच्यावर सुप्रीम कोर्टात अपील गेलं, ऑक्टोबर २०२० मध्ये ते दाखल करून घेतलं, पण खालच्या आयोगांत आजही कॉलेजचा वकील उभा राहिला की पहिल्याच तारखेला मनु सोळंकीची कॉपी पुढे सरकवतो. मला स्वतःला हा निकाल पटत नाही. ज्या संस्था होर्डिंग लावतात, कौन्सेलर ठेवतात, 'लास्ट फ्यू सीट्स' म्हणून रात्री दहाला फोन करतात त्यांनी पालकांनी पैसे परत मागितले की अचानक विद्यामंदिर व्हायचं हे जरा जास्तच होतं. पण माझ्या न पटण्याने तुमच्या मुलीचे पैसे येणार नाहीत. (गंमत म्हणजे मे २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने वकिलांनाही या कायद्यातून बाहेर काढलं, म्हणजे सोसायटीतल्या वकिलांनी चुकीचा सल्ला दिला तर त्यांनाही तुम्ही ग्राहक आयोगात खेचू शकत नाही.)

तर ओळखायचं कसं की आपलं प्रकरण कुठलं? मी लोकांना आधी पावती काढायला सांगते. मान्यताप्राप्त डिग्री-डिप्लोमाच्या फीवर जीएसटी नसतो, आणि कोचिंग, स्किल कोर्स, ॲपवरचे सर्टिफिकेट कोर्स यांच्यावर १८ टक्के असतो. ही काही कायद्याने ठरवलेली कसोटी नाही, आयोगापुढे असं बोलू नका, पण घरच्या घरी अंदाज घ्यायला मस्त चालते. पावतीवर १८ टक्के दिसला तर बहुधा रस्ता ग्राहक आयोगाचा. नाही दिसला आणि वर विद्यापीठ किंवा संलग्न कॉलेजचं नाव आहे तर रस्ता शिक्षणाच्या स्वतःच्या कायद्यांचा. आणि पावतीच नाही, कॅश दिली असेल, किंवा कॉलेजच्या नावाऐवजी ट्रस्टच्या नावाची 'देणगी' म्हणून पावती असेल तर ते प्रकरण तिसरंच, त्याला महाराष्ट्रात १९८७ चा कॅपिटेशन फी बंदीचा कायदा आहे आणि तो गुन्हा आहे, ते आत्ता बाजूला ठेवते.

आता मुलीचं. यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, ऑक्टोबर २०१८ मध्ये फी परताव्याचं आणि ओरिजिनल कागद न अडकवण्याचं एक नोटिफिकेशन काढलंय, ते विद्यापीठांना लागू आहे, खासगी आणि अभिमत धरून. त्यातला हिशोब असा: ॲडमिशनची जी जाहीर केलेली शेवटची तारीख असते तिच्या १५ दिवस किंवा त्याहून आधी कॅन्सल केलं तर १०० टक्के, १५ दिवसांपेक्षा कमी राहिले असतील तर ९० टक्के, शेवटच्या तारखेनंतर १५ दिवसांत ८० टक्के, त्यानंतर ३० दिवसांपर्यंत ५० टक्के, आणि तीस दिवस उलटले की काही नाही. शंभर टक्क्यांच्या केसमध्ये प्रोसेसिंग म्हणून फीच्या ५ टक्के किंवा ५ हजार यातलं जे कमी ते कापता येतं. कॉशन मनी किंवा डिपॉझिट घेतलं असेल तर ते वेगळं आणि पूर्ण परत. हे सगळं लेखी अर्ज दिल्यापासून १५ दिवसांत. शिवाय कॅप आणि नीटची वेळापत्रकं लांबतात म्हणून यूजीसी मधूनमधून त्या वर्षापुरतं जास्त सवलतीचं परिपत्रकही काढते, उदाहरणार्थ २०२४-२५ साठी ३० सप्टेंबरपर्यंत कॅन्सल केलं तर पूर्ण फी आणि ३१ ऑक्टोबरपर्यंत फार तर १ हजार कापून बाकी परत असं होतं. तुमच्या वर्षाचं परिपत्रक यूजीसीच्या साइटवर शोधा, असेल तर तेच पुढे करा, नसेल तर २०१८ चं आहेच.

आता खरी मेख कुठे आहे बघा. सगळा हिशोब 'शेवटची तारीख' या दोन शब्दांवर आहे. समजा विद्यापीठ म्हणालं आमची शेवटची तारीख ३१ ऑगस्ट होती, तर तुमचा २० ऑगस्टचा अर्ज ११ दिवस आधीचा, म्हणजे ९० टक्के, १ लाख ४४ हजार. आणि तारीख १५ सप्टेंबरपर्यंत वाढवलेली निघाली तर तुम्ही २६ दिवस आधी अर्ज केलाय, म्हणजे १०० टक्के, ५ हजार कापून १ लाख ५५ हजार. एका तारखेवर ११ हजारांचा फरक. आणि उद्या ते म्हणाले की शेवटची तारीख ३० जूनच होती तर शून्य! म्हणून आजच्या आज त्यांच्या वेबसाइटच्या ॲडमिशन पेजचा स्क्रीनशॉट घ्या, मोबाइलवरची तारीख-वेळ दिसेल असा. इन्स्टाग्रामवर, पेपरात, लोकलच्या डब्यात, स्टेशनबाहेरच्या होर्डिंगवर अजून 'ॲडमिशन्स ओपन' असेल तर त्याचा फोटो काढा. कुर्ला, ठाणे, कल्याणला सप्टेंबरपर्यंत असली होर्डिंग सर्रास दिसतात. ज्यांची ॲडमिशन अजून चालू आहे त्यांची शेवटची तारीख जूनमध्ये संपली होती हे कोणाच्या गळी उतरणार नाही. मुलीला मे महिन्यात कौन्सेलरने पाठवलेले व्हॉट्सॲप मेसेज डिलीट करू नका, चॅट एक्स्पोर्ट करून ईमेलवर ठेवा.

'सही केलीय' याला फार घाबरू नका. फॉर्मवर नॉन-रिफंडेबल छापलं म्हणून यूजीसीचा नियम संपत नाही, तसं असतं तर नियम करून उपयोगच काय. तुम्ही तोंडी भांडत बसू नका, काउंटरवरच्या पोरीच्या हातात काही नसतं, ती बिचारी १५ हजार पगारावर तुमच्या शिव्या खाते. लेखी द्या.

ईमेल रजिस्ट्रारला, मुलीच्या नावाने आणि मुलीच्या ईमेलवरून (विद्यार्थी ती आहे, तक्रार तिची, तुम्ही सीसीत), आणि भाषा अगदी कोरडी ठेवा. मी साधारण असं लिहून देते:

'मी अमुक, ॲप्लिकेशन नंबर अमुक, बी.एस्सी. डेटा सायन्स प्रथम वर्ष. दि. अमुक रोजी रु. १,६०,००० भरले, पावती सोबत. दि. २० ऑगस्ट रोजी प्रवेश रद्द करण्याचा लेखी अर्ज दिला, पोच सोबत. आपल्या संकेतस्थळावर प्रवेशाची अंतिम तारीख अमुक दिसते, प्रत सोबत. यूजीसीच्या ऑक्टोबर २०१८ च्या अधिसूचनेप्रमाणे देय रक्कम रु. अमुक होते. ती माझ्या खालील खात्यात जमा करावी. हा ईमेल विद्यार्थी तक्रार निवारण समितीकडे तक्रार म्हणून नोंदवावा आणि तक्रार क्रमांक कळवावा.'

एवढंच. 'आमच्या मुलीच्या भवितव्याशी खेळ', 'मीडियात जाऊ' हे काहीही नको. शेवटची ओळ सगळ्यात महत्त्वाची आहे, कारण तिथून घड्याळ सुरू होतं. २०१९ च्या नियमांच्या जागी यूजीसीने एप्रिल २०२३ मध्ये विद्यार्थी तक्रार निवारणाचे नवीन नियम आणलेत. त्यात प्रत्येक संस्थेत ही समिती हवी, तिने साधारण १५ कामकाजाच्या दिवसांत अहवाल द्यायचा, आणि तो पटला नाही तर मिळाल्यापासून १५ दिवसांत विद्यापीठाच्या लोकपालाकडे अपील करायचं, लोकपालाने ३० दिवसांत निपटारा करण्याचा प्रयत्न करायचा. लोकपाल म्हणजे निवृत्त कुलगुरू, निवृत्त प्राध्यापक किंवा माजी जिल्हा न्यायाधीश असा माणूस असतो. फी परत न देणं, कागद अडकवणं, माहितीपत्रकात नसलेले पैसे मागणं, हे तिन्ही त्या नियमांत तक्रारीची कारणं म्हणून सरळ सरळ लिहिलेलं आहे. वकील लागत नाही, फी लागत नाही. अपिलाचे १५ दिवस मात्र चुकवू नका, गणपतीत गावाला गेलो होतो हे कारण चालत नाही.

समितीत बसणारे प्राध्यापक त्याच संस्थेचे पगारदार, मग ते आपल्या विरुद्ध कसे जातील असं तुम्ही म्हणाल. खरंय, बऱ्याच ठिकाणी समिती फक्त वेबसाइटवरच्या पीडीएफमध्ये असते. पण समितीने उत्तर दिलं नाही तरी तुमचं काम होतं, कारण मग यूजीसीच्या ई-समाधान पोर्टलवर 'अमुक तारखेला तक्रार दिली, उत्तर नाही' असं पुराव्यासकट टाकता येतं. यूजीसी ती पुन्हा विद्यापीठाकडेच पाठवते, हे बघून लोक वैतागतात, पण यूजीसीकडून आलेल्या कागदाला उत्तर द्यायला वेगळा माणूस बसलेला असतो आणि त्याला तुमच्या दीड लाखापेक्षा संस्थेचं रेकॉर्ड महत्त्वाचं वाटतं. नियमांत शिक्षा म्हणून अनुदान थांबवणं वगैरे आहे, त्याने सेल्फ-फायनान्स विद्यापीठाचं काही बिघडत नाही, त्यांना मुळात अनुदान नसतंच. त्यांना दुखतं ते दुसरं, नियम न पाळणारी संस्था म्हणून पेपरात आणि वेबसाइटवर जाहीर करण्याची तरतूद आहे ती. पुढच्या वर्षीच्या ॲडमिशन त्यावर अवलंबून असतात.

लिव्हिंग सर्टिफिकेटचं वेगळं सांगते कारण तुमचं खरं अडकलंय ते तिथे. नवीन इंजिनिअरिंग कॉलेज कॅपच्या मुदतीत ओरिजिनल मागणार आणि जुनं विद्यापीठ फीचा वाद मिटेपर्यंत देणार नाही, ही जुनी पद्धत आहे, घाबरून लोक 'फी परत नको पण एलसी द्या' असं लिहून देतात. तसलं काहीही लिहून देऊ नका. २०१८ च्याच नोटिफिकेशनमध्ये संस्थांनी मूळ कागद ठेवून घ्यायचे नाहीत, तपासून तिथल्या तिथे परत करायचे आणि स्वसाक्षांकित प्रती ठेवायच्या असं आहे. एलसीसाठी फीपासून वेगळा ईमेल करा, दोन्ही एकत्र केलं की ते दोन्ही एकत्र अडकवतात. आणि नवीन कॉलेजला त्याच दिवशी लेखी कळवा की मूळ दाखला अमुक संस्थेकडे आहे, मागणी केल्याची प्रत सोबत, तोपर्यंत आमचं हमीपत्र घ्या आणि आम्हाला मुदत द्या. बहुतेक कॉलेजं देतात.

हे विद्यापीठाच्या ऐवजी संलग्न इंजिनिअरिंग, फार्मसी किंवा एमबीए कॉलेज असतं तर आणखी एक हत्यार होतं, ते तुमच्या नवीन कॉलेजसाठी आत्ताच माहीत करून घ्या. महाराष्ट्रात २०१५ च्या कायद्याने खासगी विनाअनुदानित व्यावसायिक कॉलेजांची फी शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं, लोक त्याला एफआरए म्हणतात, आणि कॉलेजनिहाय मंजूर फी त्यांच्या साइटवर असते. मंजूर आकड्याशी आपली पावती ताडून बघा. 'ट्रेनिंग अँड प्लेसमेंट', 'युनिफॉर्म किट', 'इंडस्ट्री कनेक्ट' अशा नावाने २०-३० हजार वेगळे मागतात ते बहुतेक इथेच पकडता येतं. आणि एकदम दोन वर्षांची किंवा चार वर्षांची फी मागितली तर २००३ चा इस्लामिक अकॅडमीचा सुप्रीम कोर्टाचा निकाल आहे, एका वेळी एका वर्षाचीच फी.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा, मार्क, रिझल्ट, रिव्हॅल्युएशन, हॉल तिकीट यासाठी ग्राहक आयोगाकडे अजिबात बघू नका. २०१७ मध्ये मुंबई विद्यापीठाने ऑनस्क्रीन तपासणी आणली आणि निकाल महिनोन्महिने रखडले, मुलांच्या परदेशातल्या ॲडमिशन लटकल्या, तेव्हा बऱ्याच जणांनी ग्राहक म्हणून भरपाई मागायचं डोक्यात घेतलं होतं, आणि बिहार बोर्डाच्या निकालापुढे ते टिकणारं नव्हतंच. कुलगुरूंना ऑक्टोबरमध्ये राज्यपालांनी काढलं ते विद्यापीठ कायद्याखाली, ग्राहक कायद्याखाली नाही. पेपर बघायचा असेल तर माहिती अधिकार वापरा, २०११ च्या आदित्य बंदोपाध्याय निकालाने तपासलेली उत्तरपत्रिका बघायचा हक्क परीक्षार्थीला मिळालाय, केंद्रीय नियमांप्रमाणे अर्जाचे १० रुपये आणि पानाला २ रुपये.

आता मुलाचं. इथे तुम्ही ग्राहक आहात आणि ठणठणीत ग्राहक आहात. कंपनी डिग्री देत नाही, यूजीसीशी संबंध नाही, १८ टक्के जीएसटी घेतलाय, जाहिरातीत जॉब गॅरंटी दिलीय. ही दिशाभूल करणारी जाहिरात आणि सेवेतली त्रुटी दोन्ही होते. राष्ट्रीय आयोग बरीच वर्षं म्हणतोय की पूर्ण कोर्सची फी आधी घेऊन मधे सोडणाऱ्याची उरलेली फी गिळता येत नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने कोचिंगच्या जाहिरातींसाठी मार्गदर्शक तत्त्वं काढली, हमखास सिलेक्शन, हमखास नोकरी असले दावे करायचे नाहीत, आणि यशस्वी मुलांचे फोटो वापरायचे तर निवड झाल्यानंतर त्यांची लेखी संमती हवी.

पण आयोगात धावायच्या आधी त्या ९० हजारांचं स्वरूप बघा. त्याने कंपनीला हप्ते दिलेले नाहीत. 'नो कॉस्ट ईएमआय' म्हणजे एका एनबीएफसीकडून (कर्ज देणारी, पण बँक नसलेली वित्त कंपनी) त्याच्या नावावर कर्ज निघालं, पूर्ण रक्कम त्या कंपनीला पहिल्या आठवड्यातच गेली, आणि तो फेडतोय कर्ज. सेल्सवाल्याने ओटीपी मागितला तेव्हा हे झालं, बहुतेक मुलांना कळतच नाही. म्हणून रागाने हप्ता बंद करू नका, कोर्स बंद पडला तरी सिबिल त्याचाच खराब होणार आणि रिकव्हरीवाल्यांचे फोन घरी तुम्हाला येणार. आधी त्या एनबीएफसीकडून कर्जाचा करार आणि की फॅक्ट स्टेटमेंट (कर्जाच्या मुख्य अटींचा कागद) मागवा, आरबीआयच्या डिजिटल लेंडिंगच्या नियमांप्रमाणे ते द्यावंच लागतं. मग कोर्स कंपनी आणि एनबीएफसी दोघांना एकच ईमेल करा की सेवा मिळत नाही, अमुक तारखेपासून कोर्स सोडलाय, उरलेल्या भागाची रक्कम कंपनीने कर्ज खात्यात परत भरावी. ३० दिवसांत एनबीएफसीचं समाधानकारक उत्तर आलं नाही तर आरबीआयच्या लोकपालाकडे सीएमएस पोर्टलवर तक्रार, तीही फुकट.

त्याच्याबरोबर १९१५ वर फोन करून राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला तक्रार नोंदवा. हेल्पलाइनला आदेश द्यायचा अधिकार नाही पण मोठ्या ॲप कंपन्या तिथे बऱ्यापैकी नमतात, निदान अर्धे पैसे द्यायला तयार होतात. त्याने झालं नाही तर जिल्हा आयोग. तुम्ही भांडुपला राहता म्हणजे मुंबई उपनगरचा, कंपनी बंगळुरूची असली तरी २०१९ च्या कायद्यात तुम्ही राहता तिथे तक्रार करता येते, आणि करारात 'फक्त बंगळुरू न्यायालय' लिहिलंय म्हणून थांबायचं नाही. भरलेली रक्कम ५ लाखांच्या आत असेल तर आयोगाची फी शून्य. मुदत दोन वर्षं. ई-जागृती पोर्टलवर ऑनलाइन भरता येते. विरुद्ध पक्ष म्हणून कंपनीबरोबर एनबीएफसीचंही नाव घाला, हे लोक विसरतात आणि मग आदेश कंपनीविरुद्ध मिळतो, कर्ज मात्र तसंच चालू. कायद्यात तीन महिन्यांत निकाल असं लिहिलंय त्यावर विसंबू नका, वर्ष-दोन वर्षं धरून चाला. मसुदा स्वतःला जमत नसेल तर मुंबई ग्राहक पंचायत किंवा सीजीएसआयसारख्या संस्थांकडे आधी विचारा. ९० हजारांच्या केसला ४० हजार वकिलाला देण्यात अर्थ नाही.

शेवटी तुम्ही भाच्याचं विचारलंत, यूकेला मास्टर्सला जातोय आणि दादरच्या एजंटने सव्वा लाख घेतलेत. एजंट इथला, त्याची सेवा इथली, त्यामुळे त्याच्याविरुद्ध इथेच ग्राहक म्हणून जाता येतं, फक्त सव्वा लाखात नक्की काय काय आहे ते लेखी घेऊन ठेवायला सांगा. तिकडच्या युनिव्हर्सिटीशी भांडण झालं तर तिथे आपल्यासारखा घोळ नाही, विद्यार्थी ग्राहक आहे हे त्यांच्या स्पर्धा आणि बाजार प्राधिकरणाने २०१५ मध्येच विद्यापीठांना लेखी कळवलंय. इंग्लंड-वेल्समध्ये आधी युनिव्हर्सिटीच्या आतली तक्रार पूर्ण करायची, ते एक पूर्तता-पत्र देतात, आणि त्यानंतर १२ महिन्यांत स्वतंत्र निर्णायक कार्यालयाकडे फुकट जाता येतं. भारतात परत आला तरी चालतं.

आणि ताई, तुम्ही विचारलं नाहीत पण मुलगी कॅपमधून इंजिनिअरिंगला गेलीय म्हणून सांगते. २०२४-२५ पासून राज्य सरकारने ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना, कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर, व्यावसायिक कोर्सच्या ट्यूशन फी आणि परीक्षा फीत पूर्ण सवलत दिलीय. तुम्ही त्यात बसत असाल तर कॉलेजने 'आधी पूर्ण भरा, महाडीबीटीचे (सरकारच्या शिष्यवृत्ती पोर्टलचे) आले की परत देऊ' म्हटलं तरी पैसे काढू नका, शासन निर्णयाची प्रत दाखवा आणि जे काही मागतायत ते लेखी मागा. उत्पन्नाचा दाखला अजून काढला नसेल तर उद्याच तहसील कार्यालयाचा किंवा आपले सरकारचा अर्ज टाका, महाडीबीटीचा फॉर्म त्याशिवाय पुढे सरकत नाही आणि या दिवसांत दाखल्याला आठवडे लागतात.